सावध झोप

मशीनवाला : तसं नाही काका, बिघडलं असेल तर मी बदलून देतो. पण सांगा तरी. इथे माझ्या स्क्रीनवर तुमच्या नावापुढे नुसती सरळ रेघ आहे. पंधरवडा होत आला, रात्रीचं श्वासाचं मशीन एकदाही चालू झालेलं नाही.

मी : बिघडलेलं नाही.

मशीनवाला : मग मास्क फाटला? नळीला भोक पडलं?

मी : भोक पडलं असतं तर मीच बुजवलं असतं. जन्मभर तेच केलंय.

मशीनवाला : मग परगावी गेला होतात का?

मी : घरीच आहे.

मशीनवाला : काका, मी तुम्हाला पकडायला फोन केलेला नाही. बरं, असं करा, काकूंना द्या फोन. तुम्हाला काहीही विचारलं तरी तुम्ही म्हणता 'बरं आहे'. त्या खरं काय ते सांगतात.

मी : काकू नाहीत.

मशीनवाला : बाहेर गेल्यात? मग संध्याकाळी करतो.

मी : नाही रे. नाहीत म्हणजे, गेली ती.

मशीनवाला : काकू? कधी, काका?

मी : तुझ्या स्क्रीनवर ती रेघ कुठून सुरू होते बघ. त्याच्या आदल्या रात्री.

मशीनवाला : अरे देवा.

मी : त्या रात्रीचं काय आहे तुझ्याकडे?

मशीनवाला : कशाला काका ते आता.

मी : सांग की. तुझ्याकडे सगळं असतं ना.

मशीनवाला : मशीन रात्रभर चालू. हवा कुठे गळलेली नाही. श्वास जवळजवळ कुठेच अडकलेला नाही. चांगली रात्र आहे.

मी : हो. छानच झोप लागली होती. सकाळी मास्क काढला, तिला हाक मारली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. फार त्रास झाला नसेल म्हणाले. त्यांना काय माहीत? मी शेजारच्या खाटेवर होतो, मला माहीत नाही.

मशीनवाला : काय बोलू, काका. मागच्या महिन्यात मी फिल्टर बदलायला आलो तेव्हा त्यांनीच दार उघडलं होतं.

मी : आणि तुला बजावलं होतं, चप्पल बाहेर काढ.

मशीनवाला : दरवेळी बजावायच्या. पण काका, राग मानू नका, मला हे बोललंच पाहिजे. मशीन बंद ठेवू नका. तुमचा श्वास किती अडकतो ते तुम्हाला आठवतंय ना? आता तर रात्री हलवायलाही कुणी नाही.

मी : मुलगी आलीय राहायला. ती पण रोज हेच म्हणते. रोज भांडते.

मशीनवाला : बरोबर आहे तिचं.

मी : ऐक. मागे तू म्हणाला होतास, आता एक छोटी तपासणी आलीय, घरच्या घरी करायची. बोटाला चिमटा लावायचा आणि झोपायचं.

मशीनवाला : आहे ना. तुमची परत करायची? चांगलंच होईल. इतकी वर्षं झाली, वजन बदललं, वय बदललं...

मी : घेऊन ये. माझ्यासाठी आहे असंच म्हण.

मशीनवाला : असंच म्हण म्हणजे?

मी : मुलीसाठी हवीय.

मशीनवाला : तिला त्रास आहे?

मी : ते तू ठरव. तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर गाडी काढेल आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही. तू ये, पेटी उघड, मग मी बोलतो. बाहेरच्या माणसासमोर ती ओरडत नाही.

मशीनवाला : वीस वर्षं तुमच्या घरी येतोय, आणि मी बाहेरचा?

मी : तेवढ्यापुरता हो.

(रविवार सकाळ. घराची बाहेरची खोली. मशीनवाल्यानं टेबलावर पेटी उघडली आहे. मुलगी चहाचे कप घेऊन आली आहे.)

मुलगी : एवढीशीच? ही तपासणी आहे?

मशीनवाला : एवढीशीच. हा चिमटा बोटाला, ही पट्टी छातीवर, आणि ही डबी मनगटाला. बस्स. रात्री लावायचं, सकाळी काढायचं, मी येऊन घेऊन जातो.

मुलगी : आणि त्या वायरी? बाबांना हॉस्पिटलात नेलं होतं तेव्हा डोक्याला किती वायरी लावल्या होत्या. डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवल्या होत्या. घरी आल्यावर आई दोन दिवस केस धूत होती यांचे.

मी : तेव्हा केस होते.

मुलगी : बाबा, तुम्ही बोलू नका, तुमच्यावर मी चिडलेली आहे. दादा, तुम्हीच समजवा यांना. मशीन कपाटावर ठेवलंय, वर टॉवेल घातलाय, लपवल्यासारखा. मी विचारलं का लावत नाही, तर म्हणतात बघू. माझ्या क्लासात असा माणूस असता ना, मी त्याला गाडीतून उतरवला असता.

मशीनवाला : अजून ड्रायव्हिंग शिकवता?

मुलगी : शिकवते की. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांकडे बघते. ब्रेक म्हटलं की लोक क्लच दाबतात.

मी : चहा घे रे. गार होईल.

मशीनवाला : काका, मला अजून तुमचं पंक्चरचं दुकान आठवतं. मी पहिलं मशीन घेऊन आलो होतो तेव्हा तुम्ही दुकानातच होता. टायरपाशी बसला होतात.

मुलगी : बसले नव्हते, झोपले होते. हात पाण्याच्या टबात, हातात ट्यूब, आणि डोळे मिटलेले. गिऱ्हाईक समोर उभं. लोक यांना डुलकीशेठ म्हणायचे. मला शाळेत मुलं विचारायची, तू डुलकीशेठची का?

मी : मग तू काय सांगायचीस?

मुलगी : 'नाही' म्हणायची.

मशीनवाला : हसू नका, पण तेव्हा तेच होतं. आजार कुणी म्हणत नव्हतं. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपणारा, नशीबवान माणूस.

मी : आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, रात्रीचं जेवण कमी करा. केलं. पोट रिकामं आणि घोरणं तेवढंच. हिची आई डॉक्टरांना म्हणाली, मला यांच्या घोरण्याची भीती नाही वाटत, हे मध्येच गप्प होतात त्याची वाटते. डॉक्टर म्हणाले, ताई, गप्प झाले तर तुम्ही झोपून घ्या.

मुलगी : आई पुढे सगळ्यांना सांगायची ते. चांगली नक्कल करायची डॉक्टरांची.

मी : मग नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडजीभ काढून टाकली. म्हणाले, हीच फडफडते. घसा इतका दुखला की थुंकी गिळवेना. पाणी प्यायलो की नाकातून यायचं. काही महिने घोरणं कमी झालं, मग परत आलं. पडजीभ मात्र आली नाही.

मशीनवाला : तेव्हा सर्रास काढायचे. आता तसं पटकन करत नाहीत. आधी बघतात, नेमकं कुठे अडतंय.

मुलगी : आणि चेंडू? दादा, तुम्हाला चेंडूचं माहीत आहे का?

मशीनवाला : काकूंनी सांगितलं होतं. पण सांगा, सांगा.

मुलगी : उताणं झोपलं की जास्त अडतं, हे आईनं स्वतःच शोधून काढलं. मग तिनं यांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात माझा चेंडू घातला. उताणं व्हायला गेले की चेंडू टोचायचा, की हे परत कुशीवर. माझा चेंडू गेला तो गेलाच.

मशीनवाला : त्यात चूक काही नव्हतं बरं का. आम्ही आजही काही लोकांना कुशीवर झोपायला सांगतो. आता त्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा मिळतो, उताणं झालं की थरथरतो. म्हणजे काकूंचा चेंडूच तो, बॅटरीवर चालणारा.

मी : तिला सांगायला हवं होतं हे.

मुलगी : आणि पहिलं मशीन! बाबा, ते सुटकेसएवढं होतं ना? आई म्हणाली, दिवसभर दुकानात कॉम्प्रेसर, आता रात्री घरात पण कॉम्प्रेसर.

मी : हवा कमी वाटत होती म्हणून मी वाढवली.

मशीनवाला : वाढवली म्हणजे? वाढवायचं बटण बाहेर नव्हतंच. ते आमच्यासाठी होतं, आत लपवलेलं.

मी : दोन बटणं एकदम दाबून धरली की निघायचं. सापडलं मला. गाडीला हवा कमी असली की वाढवतो, तसं मला वाटलं.

मुलगी : आणि सकाळी गाल सुजलेले, पोट टम्म, ढेकरा थांबेनात. आई म्हणाली, अहो, कुठे टोचलं तर उडून जाल.

मशीनवाला : म्हणून मी आलो तेव्हा आकडा चुकीचा होता! आणि मी कंपनीला कळवलं, मशीनमध्ये दोष आहे म्हणून. काका, बोलला नाहीत तुम्ही.

मी : तू विचारलं नाहीस.

मशीनवाला : आता ती भानगडच नाही. आताचं मशीन स्वतः हवा कमी-जास्त करतं, श्वास बघून. आणि सगळ्यांना मशीनच लागतं असंही राहिलं नाही. कुणाला दातांवर बसवायची पट्टी देतात, ती खालचा जबडा पुढे धरते. वजनामुळे असेल तर इंजेक्शनं आलीत. काहींच्या तर छातीत छोटं यंत्र बसवतात, ते रात्री जिभेच्या नसेला धक्का देत राहतं, जीभ मागे पडू देत नाही. मी या कामाला लागलो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मुलगी : बघा बाबा, एवढं सगळं आहे. आणि तुम्ही टॉवेल घालून ठेवलाय. चला, हात द्या इकडे. दादा, कुठल्या बोटाला लावायचं?

मी : हिच्या बोटाला लाव.

मुलगी : माझ्या कशाला? दाखवायला?

मी : दाखवायला नाही. झोपायला.

मुलगी : काय?

मी : तपासणी तुझी आहे.

मुलगी : दादा, हे काय चाललंय? तुम्हाला माहीत होतं?

मशीनवाला : मला... काका बोलणार होते.

मुलगी : म्हणजे मला फसवून? तुम्ही दोघांनी मिळून?

मी : ओरडू नको, बाहेरचा माणूस आहे.

मुलगी : मी ओरडत नाहीये! बाबा, मी घोरते का? एकदा तरी घोरताना ऐकलंय मला? माझी मान बघा, माझं वजन बघा. आजारी तुम्ही, मशीन बंद करून बसलाय तुम्ही, आणि तपासणी माझी?

मी : घोरत नाहीस. गप्प होतेस.

मुलगी : काय म्हणालात?

मी : रात्री. मध्येच गप्प होतेस.

मुलगी : तुम्हाला कसं माहीत?

मी : तुझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. म्हणून मशीन लावत नाही. मशीन लावलं की ऐकू येत नाही.

मुलगी : रोज?

मी : तू आल्यापासून. पहिल्या रात्री मला मास्क लावावासाच वाटला नाही, म्हणून पडून होतो. तू माझ्या शेजारी, आईच्या खाटेवर झोपली होतीस. खाट करकरली. मला वाटलं... म्हणजे, काही नाही. करकर तीच आहे, खाट तीच आहे. मग मी लक्ष दिलं. श्वास चालू, चालू, चालू, मग काहीच नाही. मग एकदम दचकल्यासारखा मोठा श्वास, आणि कूस बदलायची. खाट करकरायची. परत तेच. मग तू तुझ्या खोलीत झोपायला लागलीस, तेव्हा मी खुर्ची घेतली. टायरची ट्यूब पाण्यात धरतो ना आपण, बुडबुडा कुठे येतो त्याची वाट बघत? इथे उलटं होतं. बुडबुडे येत असतात आणि थांबतात. मी वाट बघतो, पुन्हा कधी येतो.

मुलगी : बाबा, आई गेलीय. मला झोप येत नाहीये, एवढंच आहे ते. कुणालाही येणार नाही. दचकून जाग येते. आणि माझी झोप आधीपासूनच सावध आहे. आईसारखी. सगळे म्हणतात.

मी : हो. सगळे म्हणतात.

मुलगी : मग?

मी : तुझी आई तरी काय वेगळं म्हणायची? मी म्हणायचो, काय रात्रभर चुळबुळ करतेस. ती म्हणायची, माझी झोप सावध आहे, तुमच्यासारखी डाराडूर नाही. तू लहान असताना तुझ्यासाठी सावध, नंतर माझ्यासाठी सावध. तुझी आजी तिचं कौतुक करायची. सुनेची झोप कशी हवी, अशी. नुसतं भांडं वाजलं तरी उठते.

मुलगी : ती उठायचीच. मला ताप आला की हाक मारायच्या आधी उशाशी असायची.

मी : असायची. कारण जागीच असायची. हे आता माझ्या डोक्यात येतंय. भांडं वाजायच्या आधीच जागी असायची ती.

मशीनवाला : काका, मला एक विचारू द्या. काकूंचं सकाळी डोकं दुखायचं का?

मी : रोज. कपाळाला बाम लावूनच ओट्याशी जायची.

मशीनवाला : मला आठवतंय. मी आलो की तो वास यायचा घरात. दिवसा थकवा?

मी : डॉक्टरांनी आधी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मग म्हणाले, वय झालं, बायकांना या वयात होतं. मग झोप येत नाही म्हटल्यावर झोपेची गोळी दिली. ती घेतली की सकाळी डोकं आणखी दुखायचं, म्हणून तिनं सोडून दिली.

मुलगी : म्हणजे आईला पण होतं?

मशीनवाला : मी तसं म्हणू शकत नाही, ताई. तपासल्याशिवाय कुणीच म्हणू शकत नाही. आणि त्या त्यामुळे गेल्या असं तर अजिबात म्हणणार नाही. पण विचारायला हवं होतं. मला शिकवताना जे चित्र दाखवलं होतं ना, त्यात एक जाड मानेचा पुरुष होता, उताणा पडलेला, तोंड उघडं. आम्ही तसेच लोक शोधत फिरलो. बायका कमी घोरतात. त्या सांगतात, झोप लागत नाही, थकते, डोकं दुखतं. त्यांना मग दुसऱ्याच गोळ्या मिळतात. आता आम्ही वेगळं विचारतो. पण आता.

मुलगी : तुम्ही तर इतक्यांदा आलात घरी.

मशीनवाला : आलो. दरवेळी काकूंशीच बोललो. पण यांच्याबद्दल.

मुलगी : आणि बाबा, तुम्हाला कधी ऐकू नाही आलं? तुम्ही शेजारी होतात.

मी : मशीन यायच्या आधी मी घोरत होतो. मशीन आल्यावर मला गाढ झोप लागायला लागली. मधे ऐकायला वेळ कुठे होता?

मुलगी : बाबा, मी तुम्हाला दोष देत नाहीये.

मी : मी पण देत नाहीये. कसं झालं ते सांगतोय. तिचं ऐकायला कुणी नव्हतं. तुझं ऐकायला मी आहे. म्हणून चिमटा लाव.

मुलगी : नाही लावणार.

मी : का?

मुलगी : कारण कागदावर आलं की लायसन्सवर येतं. उद्या कुणी म्हणालं, हिला झोपेचा आजार आहे, हिच्या हातात शिकाऊ माणसं कशी देता, तर? मला दुसरं काही येत नाही. मी एकटी राहते, माझं मी बघते. आणि मला काहीही होत नाहीये. थोडा थकवा असतो, बस्स.

मशीनवाला : दुपारी डोळा लागतो?

मुलगी : सगळ्यांचाच लागतो.

मशीनवाला : गाडीत?

मुलगी : दादा, तुम्ही इंडिकेटर न देता वळताय.

मशीनवाला : सरळच विचारतो मग. गाडीत कधी लागलाय?

मुलगी : गाडी थांबलेली होती.

मी : कुठे थांबलेली होती?

मुलगी : सिग्नलला. गाडी शिकणारी बाई चालवत होती, मी शेजारच्या सीटवर. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. सिग्नल सुटला, तिनं विचारलं, मॅडम, जाऊ का? मी बोलले नाही. तिला वाटलं मी परीक्षा घेतेय. मागचे हॉर्न वाजवायला लागले, मग तिनं गाडी उचलली. मला जाग आली तेव्हा आम्ही चौकाच्या मध्ये होतो.

मी : हे कधीचं?

मुलगी : आई असतानाचं. आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, तुझी पण झोप माझ्यासारखीच झालीय, रात्री जरा दूध घेत जा. तिला काळजी नको म्हणून मी पुढे काही बोलले नाही. ती पण नाही बोलली. तुम्हाला सांगू नको म्हणाली.

मी : का?

मुलगी : तुम्ही गाडी चालवू देणार नाही म्हणून.

मी : नसती दिली.

मशीनवाला : ताई, माझ्याकडे गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. ट्रकवाले आहेत, बसवाले आहेत. उपचार घेतात, डॉक्टर तपासून कागद देतात आणि चालवतात. काका दुकान चालवतच होते ना पुढे? टबात हात घालून झोपायचे थांबले, एवढंच. ज्यांचं कळलेलं नाही, मला त्यांची भीती वाटते. आणि हे बघा, कदाचित काहीच निघणार नाही. काकांनी ऐकलं ते खरंच नुसतं दुःखाचं असेल. मग मी ही डबी घेऊन जाईन, आणि तुम्ही यांच्यावर आणखी वर्षभर ओरडू शकाल.

मुलगी : आणि निघालं तर?

मशीनवाला : निघालं तर डॉक्टर बघतील, तुम्हाला काय जमतं. दातांची पट्टी, मशीन, जे असेल ते. सुटकेसएवढं काही नसेल.

मुलगी : बाबा, तुम्ही काल रात्री किती वेळ बसला होतात?

मी : बसलो होतो.

मुलगी : म्हणजे झोपलाच नाहीत.

मी : दुपारी झोपतो ना.

मुलगी : मशीन न लावता. उताणे. मी बाहेर गेले की.

मी : चेंडू कुठे आहे आता.

मुलगी : हसवू नका. मी चिडलेली आहे. ऐका, मी हे लावते. एकच रात्र. पण आज रात्री तुम्ही मास्क लावायचा आणि स्वतःच्या खाटेवर झोपायचं. खुर्ची मी माझ्या खोलीत नेणार.

मी : मग ऐकेल कोण?

मशीनवाला : ही डबी ऐकेल, काका.

मी : ती उठवेल का हिला?

मशीनवाला : उठवणार नाही. पण सकाळी सगळं सांगेल.

मी : काकूंसारखं.

मशीनवाला : काकू जास्त सांगायच्या.

मुलगी : टॉवेल काढा त्याच्यावरचा. आणि नळी धुवा आधी, धूळ बसली असेल.

मी : धुतो.

मशीनवाला : ताई, या कागदावरचे चार प्रश्न विचारून घेतो, म्हणजे मी मोकळा. नाव मला माहीत आहे, काम माहीत आहे. रात्री साधारण कितीदा जाग येते?

मुलगी : मोजलं नाही कधी. खूपदा.

मशीनवाला : सकाळी डोकं?

मुलगी : दुखतं. चहा घेतला की कमी होतं. आई म्हणायची... असो. दुखतं.

मशीनवाला : झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय? आधीच्या कागदांवर इथे 'पत्नीचं म्हणणं' असं छापलेलंच असायचं. आता नुसतं 'कुणी' असतं.

मी : वडिलांनी. लिही.

मशीनवाला : पाहिलं, की ऐकलं?

मी : अंधार होता. ऐकलं.

मशीनवाला : चालेल. घरात आणखी कुणाला हा त्रास? वडील, हो, ते मीच लिहितो. आई?

मुलगी : नाही.

मी : नाही कसं लिहील तो?

मुलगी : मग काय लिहायचं, बाबा? हो म्हणायला आपल्याकडे काही नाही.

मशीनवाला : काका, इथे दोनच चौकोन आहेत. हो आणि नाही.

मी : दोन्ही रिकामे ठेव. बाजूला जागा आहे का?

मशीनवाला : थोडी आहे.

मी : मग तिथे लिही. आईचं तपासायचं राहिलं.